ढोरांच्या दवाखान्यातल्या एस्तेरताई

एस्तेरताई कुणाशीही बोलायला लागल्या की आधी त्याच्या डोळ्यांकडे बघत. रोखून बघणं नव्हे ते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि मग "हं, बोला." भाजीवाली असो, शाळेचे मुख्याध्यापक असोत, की अंगणात बांधलेली शेजाऱ्यांची पाठ, म्हणजे बकरीचं पिल्लू असो, सगळ्यांना सारखीच वागणूक. मी साताऱ्याकडची. नोकरीमुळे विसरवाडीच्या शाळेत मराठी शिकवायला आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले, तेव्हा पहिल्या भेटीत त्यांनी माझेही डोळे असेच तपासले होते. मला वाटलं, बाई जरा विचित्र आहेत.

त्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर होत्या. पाटीवर लांबलचक हुद्दा लिहिलेला होता, पण सगळं गाव त्या जागेला ढोरांचा दवाखाना म्हणे आणि त्यांना डॉक्टरीण बाई. महामार्गाच्या कडेला बैठं कौलारू घर, पुढे बैल-म्हशी अडकवायचा लोखंडी पाइपांचा खोडा, आणि दारात लिंबाखाली थांबलेली माणसं. ताई ठेंगण्या, काळ्यासावळ्या, केस तेल लावून घट्ट बांधलेले. नवापूरच्या एका शिंप्याकडून त्या सगळ्या कुडत्यांना मोठे खिसे लावून घेत. एका खिशात फुटाणे, ते बकऱ्यांसाठी. दुसऱ्यात थर्मामीटर आणि बोटाएवढा टॉर्च. फुटाणे बकऱ्यांपेक्षा त्याच जास्त खात.

बोलायला त्यांच्याकडे तीन भाषा होत्या. दवाखान्यात पत्रं लिहिताना आणि माझ्याशी शाळेतली मराठी. बाजारातल्या आणि सपाटीवरच्या गावांतल्या माणसांशी अहिराणी. आणि डोंगरातून कुणी बकरी खांद्यावर घालून आलं की कोकणी, समुद्राकाठची नव्हे, इथल्या डोंगरातल्या आदिवासींची, त्यांच्या घरची. कोकणी बोलताना त्यांचा आवाज बदलत असे. जरा खाली उतरे, मऊ होई. मला त्यातलं काही कळत नसे. मी एकदा म्हटलं, मला शिकवा ना. तर म्हणाल्या, "तू मराठीची मास्तरीण. ती बिघडली तर सरकार मला धरेल."

मांजरांवर त्यांचा विशेष जीव. दवाखाना गाई-म्हशींचा, मांजर घेऊन कोण येणार तिथे? पण ताईंचं ऐकून ऐकून लोक आणायला लागले होते. बोका असो की मांजरी, ताई सगळ्यांना 'बाई' म्हणत. "काय झालं बाई तुला? कुणी मारलं?" त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. गाय सांगते, बकरी ओरडते, मांजर लपवतं. मांजर घेऊन आलेल्या प्रत्येकाला ते ऐकावं लागे.

माझी मांजरी चिंगी गच्चीवरून पडली, ती दुपार मला अजून लख्ख आठवते. गच्चीत माकडं आली होती. त्यांना बघून ती कठड्यावर पळाली आणि खाली धुण्याच्या दगडावर आपटली. मी धावत खाली जाईपर्यंत ती उठूनही बसली होती. अंग चाटलं, जिना चढून घरात आली आणि कॉटखाली जाऊन बसली. मला हायसं वाटलं. वाटीत दूध घालून मी तिच्यापुढे सरकवलं.

तेवढ्यात ताई जेवायला घरी आल्या. मी जिन्यातूनच त्यांना सांगितलं, चिंगी पडली, पण काही झालं नाही. त्या चपलांसकट वर आल्या आणि फरशीवर पालथ्या पडून कॉटखाली बघू लागल्या.

"आधी दूध उचल," त्या म्हणाल्या. "डोक्याला मार असला की पोटात काही जाऊ द्यायचं नाही. गिळता येत नाही, मग ते फुप्फुसात जातं."

"पण ती चालत आली, ताई."

"चालत आली ना. आता बघ."

त्यांनी टॉर्च लावला. चिंगीची डावी बाहुली रेघेसारखी बारीक झाली. उजवी काळीभोर आणि मोठीच राहिली. एका नाकपुडीत रक्ताची सुतासारखी रेघ होती. मला ती दिसलीच नव्हती. मी तिला उचलायला हात घातला, तर ताईंनी माझं मनगट धरलं. "मानेला धरून नाही. कुशीतही नाही घ्यायची. जेवायचा पाट आण."

पाट त्यांनी हळूच तिच्या अंगाखाली सरकवला. चिंगी गुरगुरली, तेव्हा तिच्यावर ओढणी टाकली, तोंड तेवढं मोकळं ठेवून. मी हौसेने बांधलेली घुंगराची फीत कात्रीने कापली. "मानेला काहीही आवळता कामा नये. डोक्यातलं रक्त खाली उतरायला वाट पाहिजे." पाटाच्या डोक्याकडच्या बाजूखाली चादरीची घडी सारली. नुसतं डोकं वर घेतलं नाही. डोकं, मान, छाती, सगळं एका उतारावर. मग आम्ही दोघी तो पाट पालखीसारखा धरून दवाखान्यात गेलो. तिथे खिडकीला गोणपाट लावून त्यांनी अंधार केला, सलाइनची सुई लावली, आणि बाहेर येऊन माझ्याजवळ लिंबाखाली बसल्या.

"कवटी म्हणजे बंद डबा," त्या म्हणाल्या. "हाताला सूज आली तर हात फुगतो. आत सूज आली तर तिला जायला जागा नसते. म्हणून पहिल्या दिवशी बरं दिसलं तरी विश्वास ठेवायचा नाही. बघत राहायचं. उलटी होते का, गोल गोल फिरते का, हाक मारली तर उठते का."

चिंगी गोल फिरली. कितीतरी दिवस डावीकडेच फिरत राहिली. ताई सकाळी दवाखान्यात जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर वर येत, टॉर्च मारत, आणि काही न बोलता जात. एके दिवशी टॉर्च खिशात ठेवून म्हणाल्या, "वाचली बाई." तिची मान मात्र कायमची एका बाजूला कलती राहिली. "आता ही जन्मभर तुला काहीतरी विचारल्यासारखी बघणार," ताई म्हणाल्या. "तू उत्तरं तयार ठेव."

सगळ्या मांजरांचं असं होत नसे. नंदुरबारहून विसरवाडीला माहेरी आलेली एक बाई एकदा तिचा बोका घेऊन आली. त्याला मोटरसायकलचा धक्का लागला होता. मी त्या दिवशी शाळा सुटल्यावर दवाखान्यात बसले होते. बाई रडत सांगत होती, "डॉक्टरीण बाई, तो कण्ही ऱ्हायना व्हता म्हणीसन मी त्याले आर्धी गोळी दिधी. आमी डोकं दुखनं की घेतस ना, ती."

ताईंनी बोक्याचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. त्या तपकिरी पडल्या होत्या. त्यांनी होतं नव्हतं ते सगळं केलं, पण संध्याकाळच्या आत बोका गेला. डोक्याच्या मारातून तो कदाचित उठला असता. माणसाची तापाची गोळी मांजराला विष असते. ताईंना ते तिला सांगावंच लागलं, कारण तिच्या घरी अजून एक मांजर होतं. कसं सांगितलं ते मी ऐकत होते. "माय, तू प्रेमानं दिधी," त्या म्हणाल्या. "त्याले दुखू नये म्हणीसन दिधी. पन आते कोणीच देऊ नका. माणूसनी गोळी मांजरले जहर शे." दुसऱ्या दिवशी कळलं की ती बाई जेवत नाही. ताई तिच्या घरी गेल्या आणि तिच्या पुढ्यात भाकरी ठेवून ती खाईपर्यंत बसून राहिल्या. हे मला त्या बाईच्या आईने सांगितलं. ताई असलं काही सांगत नसत.

आणि तो ट्रकवाला. साक्रीकडचा, कांदा घेऊन सुरतेला निघालेला. महामार्गावर त्याच्या चाकासमोर मांजर आलं. लोक थांबत नाहीत. हा थांबला. मांजर गमछ्यात घेऊन विचारत विचारत दवाखान्यात आला. पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या झालेल्या. मांजर कुणाचं होतं देव जाणे. त्याच्या पुढच्या पायांची नखं रस्त्यावर घासून चिरफाळली होती. ताई नेहमी आधी नखं बघत. मांजर गाडीखाली आलं की उंचावरून पडलं, हे नखांवरून कळतं म्हणत. दोन्ही बाहुल्या मोठ्या, टॉर्च मारला तरी हलत नव्हत्या. श्वास थांबे, मग एकदम येई.

ताईंनी ऑक्सिजनचं नळकांडं लावून पाहिलं. थोड्या वेळाने मान हलवली आणि त्याला सांगितलं की आता हे राहणार नाही, तुम्ही निघा, तुमचा खोळंबा होईल. तो गेला नाही. त्याने आपली पाण्याची बाटली उघडली आणि टोपणात पाणी घेऊन पुढे झाला. ताईंनी हात आडवा धरला.

"मरनाराले पानी पाजतस, बाई," तो म्हणाला. "तुम्ही ते बी देऊ देत नही."

"त्याले गिळता येत नही, भाऊ. पानी छातीत जाई. तो गुदमरी. शेवटले तरास नको."

तो रागाने बाहेर गेला. लिंबाखाली उकिडवा बसला. ताई आतमध्ये मांजराच्या कानामागे दोन बोटं फिरवत उभ्या राहिल्या. त्याला कळत होतं की नाही, कोण जाणे. श्वास थांबला, आणि मग आलाच नाही. ताईंनी छातीला कान लावून खात्री केली. मग दारात जाऊन म्हणाल्या, "भाऊ, या. आते द्या पानी."

त्याने बोट ओलं करून मांजराच्या ओठांवरून फिरवलं. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्याचे दोन्ही हात मोकळे नव्हते. त्यांनी दोघांनी मिळून दवाखान्यामागे खड्डा केला. त्यानंतर तो ट्रक त्या रस्त्याने जाताना दवाखान्यासमोर हळू होई. ताई आतूनच हात वर करत.

ताईंचं लग्न झालेलं नव्हतं. का नाही, ते मी विचारलं नाही. डोंगरात त्यांचं गाव होतं, तिथे आई आणि भाऊ योहान शेती बघत. नाताळात त्या मला घरी येण्याचा आग्रह करत, आणि मी दर वर्षी साताऱ्याला जात असे.

त्यांना लागलं ते त्या खोड्यातच. म्हशीच्या खुराला जखम होती. ती बघायला ताई वाकल्या आणि म्हशीने मान झटकली. ताईंचं डोकं लोखंडी पाइपावर आदळलं. दवाखान्यातले शिपाई सांगत, आवाज बाहेर रस्त्यावर आला. ताई खाली बसल्या, मग उठल्या, म्हशीची जखम धुऊन पट्टी बांधली आणि तेव्हा कुठे माणसांच्या सरकारी दवाखान्यात जाऊन कपाळाला टाके घालून घेतले. तिथल्या डॉक्टरांनी विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. ताईंनी अर्धा दिवस घेतली.

मी त्यांना म्हटलं, "तुम्हीच सांगता ना, बरं दिसलं तरी विश्वास ठेवायचा नाही?"

"मी मांजर आहे का?" त्या हसल्या.

टाके निघाले. ताई पूर्वीसारख्या दवाखान्यात जाऊ लागल्या. मग हळूहळू डोकं दुखायला लागलं. आधी त्या उन्हावर ढकलत, मग चष्म्यावर. एकदा चहा करताना पातेलं हा शब्द त्यांना सापडेना. "ते दे गं, ते, ज्यात करतात." दोघी हसलो. पण पुढच्या आठवड्यात फुटाणेही 'ते' झाले, आणि हसू आलं नाही. मी मागेच लागले, तेव्हा नंदुरबारला जाऊन डोक्याचा फोटो काढायचं कबूल केलं. डोंगरात बकऱ्यांना लस टोचायचं काम सुरू होतं, ते उरकलं की सोमवारी जाऊ, म्हणाल्या.

शनिवारी शाळा सकाळची होती. मी निघताना त्यांच्या दारात डोकावले. त्या खाटेच्या काठावर बसल्या होत्या, एका हाताने भिंत धरून. खाली उलटी झालेली होती. त्यांनी टॉर्च माझ्यापुढे धरला.

"माझ्या बाहुल्या बघ," त्या म्हणाल्या. "आरशात बघितलं, पण मला नीट दिसत नाही."

मी आधी डावीकडे प्रकाश टाकला, मग उजवीकडे. ताई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"कुठली मोठी?"

"डावी."

"बरं," त्या म्हणाल्या. अगदी दवाखान्यात म्हणत तशा. "गाडी बोलाव. सुरतेला. नंदुरबारला नेऊन पुन्हा हलवण्यात वेळ जाईल. मला पाणी देऊ नको. मागितलं तरी नको. आणि गळ्यातली ही साखळी काढ."

गाडी मिळाली ती जवळच्याच एका डोंगरातल्या माणसाची. ताईंनी त्याच्या बैलाला कधीतरी वाचवलं होतं. तो पायांत चपलाही न घालता आला. मागच्या सीटवर उशा रचून आम्ही त्यांना उताराने निजवलं, पाटावर चिंगीला निजवलं होतं तसंच. नवापूर मागे पडलं तोपर्यंत त्या नीट बोलत होत्या. योहानला फोन कर. दवाखान्याची किल्ली शिपायांकडे दे. सोनगडच्या पुढे त्यांचं बोलणं तुटक झालं. आणि व्यारा यायच्या आधी त्या एकदम सलग, स्पष्ट बोलायला लागल्या. पण ती मराठी नव्हती.

त्या मलाच विचारत होत्या. माझा हात धरून, पुन्हा पुन्हा तेच. मला एक अक्षर कळत नव्हतं.

"दादा, ताई काय म्हणताहेत?" मी ड्रायव्हरला विचारलं.

त्याने आरशातून मागे बघितलं. "विचारता की बकऱ्या घरी आल्या का," तो म्हणाला. "लहानपणचं काहीतरी असेल, मॅडम. बकऱ्या चारायला जात असतील."

"आल्या म्हणून सांगा."

"सगळ्या?"

"सगळ्या आल्या म्हणून सांगा."

त्याने गाडी चालवता चालवता, मान किंचित मागे करून, त्यांच्या भाषेत सांगितलं. मोठ्या माणसाने पोराला सांगावं तशा आवाजात. ताईंनी माझा हात सोडला आणि डोळे मिटले. त्या माणसाला पुढचा रस्ता नीट दिसत नसावा. तो सारखा बाहीने डोळे पुसत होता.

सुरतेच्या डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन केलं. कवटी आणि मेंदूच्या मधे रक्त साठत आलं होतं, हळूहळू, त्या सगळ्या आठवड्यांत. जीव वाचला. सगळे म्हणाले, वेळेवर आणलं. ताई शुद्धीवर आल्या, खायला लागल्या, काठी घेऊन चालायला लागल्या. पण मराठी परत आली नाही. अहिराणीही नाही. शाळेत आणि कॉलेजात शिकलेलं सगळं पुसून गेलं होतं. औषधांची नावं, पत्रांची भाषा, माझं नाव. कोकणी तेवढी राहिली, तीही अधलीमधली. योहान त्यांना गावी घेऊन गेला.

मी भेटायला जात असे. त्या माझ्याकडे बघून हसत, आणि त्यांच्या आईला काहीतरी विचारत. आईला मराठी मोडकीतोडकी येई. एकदा मी विचारलं, "ताई काय विचारतात?" म्हातारीने आधी सांगायचं टाळलं. मग म्हणाली, "विचारते, ही बाई कोणाची."

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. झोपेतच झटका आला, असं योहानने फोनवर सांगितलं. त्याआधीच्या नाताळात मी पहिल्यांदाच साताऱ्याला न जाता त्यांच्या गावी गेले होते. तेच त्यांचं शेवटचं दर्शन.

टेकडीवर पत्र्याचं छोटं चर्च. रंगीत कागदांच्या पताका, बायकांच्या नव्या साड्यांचा वास, बाहेर मोठ्या पातेल्यांत भात शिजत होता. ताई आईच्या शेजारी उभ्या होत्या. ऑपरेशननंतर वाढलेले आखूड केस आईने पिना लावून चापून बसवले होते. मी त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्यांनी जरा सरकून मला जागा दिली.

पेटी सुरू झाली आणि सगळे गाऊ लागले. गीत मराठी होतं. आणि ताई गाऊ लागल्या. मी त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. एकही शब्द चुकत नव्हता. स्वच्छ, शुद्ध, जोडाक्षरांसकट मराठी. एक कडवं झालं, दुसरं झालं. मला वाटलं, आलं परत. मी मान वळवून त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या समोर बघून गात होत्या, चेहरा उजळलेला. त्यांच्या आईने माझ्याकडे बघितलं आणि हळूच 'नाही' अशी मान हलवली. तिला हे माहीत होतं. तिने ते दर रविवारी ऐकलं होतं.

गीत संपलं. पेटी थांबली.

"ताई," मी म्हटलं. "ताई, मी आहे."

त्या वळल्या. हसल्या, नवख्या पाहुण्याकडे बघून हसतात तसं. तोंड उघडलं, शब्द शोधला, तो मिळाला नाही. मग त्यांनी बाकावरची पताकेची तुटलेली कागदी फुलं हाताने बाजूला केली आणि ओढणीच्या टोकाने माझ्यापुरती जागा नीट पुसून दिली.